टाळूवरच्या वळ्या

माझ्या धाकट्या बहिणीचा, लोवेनाचा, वरचा सुळा उतरलाच नव्हता. बारा वर्षांची झाली तरी तिथे दुधाचाच दात, आणि खरा सुळा वर टाळूत आडवा पडून समोरच्या दाताचं मूळ खात होता. डॉक्टर टेओने एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. मूळ एका बाजूने कुरतडलेलं, उंदराने साबण कुरतडावा तसं.

"किती खाल्लंय?" मी विचारलं.

"एक तृतीयांश. अजून सहा महिने असंच सोडलं तर दात हलायला लागेल."

"मग ती पारदर्शक कवचं लावा ना. आमच्या बेकरीतल्या एका पोरीने लावलीत. कुणाला दिसत पण नाहीत."

"ती बाहेर आलेले दात सरळ करतात गं. हा बाहेरच नाही, ते पकडणार कशाला? हिरडी उघडायची, सुळ्याला बारीक सोन्याची साखळी चिकटवायची, बाकीच्या दातांना तारा लावायच्या, आणि महिनोन्महिने थोडा थोडा खाली ओढायचा. दोन वर्षं धरून चाल."

"आणि एवढं नाही केलं तर?"

"सुळा काढून टाकायचा. ते स्वस्त. पण समोरचा वाचेलच असं नाही, मग हिच्या तोंडात दोन खिंडारं."

"सोन्याची साखळी!" लोवेना खुर्चीत तोंड उघडं ठेवूनच बोलली. "मेरिनकडे तर गळ्यातली पण नाही." मेरिन म्हणजे मी.

"तू गप्प बस. थुंकी उडतेय."

मम्मी वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला. शाळा मी गेल्या वर्षी सोडली, म्हणून घरातले सगळे हेलपाटे माझ्या वाट्याला. डॉक्टर टेओ अॅडलेडहून दर सहा आठवड्यांनी आमच्या गावात, वायॅलात येते, केमिस्टच्या मागच्या खोलीत बसते. पुढच्या खेपेला हिरडी उघडायची असं ठरलं. बाहेर काउंटरवरच्या बाईने आमचं विम्याचं कार्ड मशीनमधून ओढलं, थांबली, परत ओढलं.

"अगं, हिची मर्यादा संपलीय."

"कसली मर्यादा?"

"दात सरळ करायची. ती रक्कम माणसाला आयुष्यात एकदाच मिळते ना. लोवेना पेंग्ली. सगळी वापरून झालीय, दोन हजार एक साली."

"ती दोन हजार बारा साली जन्मलीय!"

"ते मला दिसतंय, राणी. मशीनला दिसत नाही."

मी काउंटरवर हात आपटला. पेनांचा डबा खाली सांडला. लोवेनाने गुडघ्यांवर बसून एकेक पेन उचललं आणि त्या बाईला एकदम शहाण्यासारखं विचारलं, "मग सरळ का नाहीत माझे?"

विमा कंपनीच्या पैशांशिवाय आम्हाला हे जमणार नव्हतं. सरकारी दवाखान्याची रांग अॅडलेडची, दोन वर्षांच्या वर. तोवर सुळ्याने काय काय खाल्लं असतं देव जाणे.

घरी मम्मी उद्याच्या पाळीचा एप्रन इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. ती वळली नाही.

लोवेना नावाची एक मावशी होती हे आम्हाला माहीत होतं. पॅसेजमध्ये फोटो आहे. तेरा वर्षांची असताना ओहोटीच्या वेळी, भर दुपारी, किनाऱ्यावर चालायला गेली. आमच्याकडे ओहोटीला पाणी पार दिसेनासं होतं, नुसता चिखल आणि खारफुटी. तिचे बूट वाळूत शेजारी शेजारी ठेवलेले सापडले, मोजे आत नीट घडी करून. ती नाही सापडली. एवढंच. त्याच्या पुढे कुणी बोलत नाही.

"तिचे दात असेच होते," मम्मी इस्त्रीशी बोलल्यासारखी बोलली. "सुळा टाळूत. तारा लावल्या होत्या. पॉपच्या विम्यावर." पॉप म्हणजे आमचा आजोबा.

"मग ते आपल्या लोवेनाच्या नावावर का दिसतंय?"

"कारण कार्डावर ती एकच लोवेना आहे."

"म्हणजे?"

"पॉपने तिचं नाव कधी काढलंच नाही. काढायचं तर कारण लिहावं लागतं. फॉर्मवर चौकोन असतात, त्यातल्या एकात खूण करायची. त्याला नाही करता आली."

"अगं पण एकवीस झाल्यावर पोरांना काढतातच की!"

"शिकत असेल तर पंचविशीपर्यंत चालतं. तो दरवर्षी फॉर्म भरायचा, शिकतेय म्हणून."

"काय शिकतेय?"

"एका वर्षी नर्सिंग. एका वर्षी समुद्रातल्या माशांचं काहीतरी."

मी खुर्ची ओढून बसले.

"पॉप गेला तेव्हा आपली लोवेना पोटात होती," मम्मी म्हणाली. "कार्ड माझ्या नावावर करायला मी ऑफिसात गेले. काउंटरवर ट्रूडी होती, माझ्या नेटबॉलच्या टीममधली. बाळाचं नाव ठरलं का, म्हणाली. मी म्हटलं, लोवेना. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ती तर आहेच कार्डावर, लीएन. बाळ झालं की फोन कर, जन्मतारीख तेवढी बदलते."

"आणि तू हो म्हणालीस. वेडी आहेस का तू?"

"मला तिचं नाव खोडावं लागलं नाही, मेरिन."

ते ऑफिस कधीच बंद झालं, ट्रूडी क्वीन्सलँडला गेली. आता नुसता फोन. चाळीस मिनिटं गाणी ऐकवल्यावर जेरेड नावाचा माणूस आला. माणूस बरा होता, मी त्याला दोनदा शिव्या घातल्या तरी त्याने फोन ठेवला नाही. तो म्हणाला, दोनच रस्ते. एक तर पहिल्या लोवेनाचा मृत्यूचा दाखला. नाहीतर तिच्या दातांचा शेवटचा साचा आणि हिचा आताचा साचा, दोन्ही पाठवा. आमचे दंतवैद्य ताडून बघतील. तोंडं वेगळी निघाली तर माणसं वेगळी, आणि हिची मर्यादा हिला मोकळी.

दाखला नव्हताच. त्यासाठी घरच्यांनी कोर्टात अर्ज करायचा असतो, ती मेली असं लिहून.

"मी नाही लिहिणार," मम्मी म्हणाली.

"जिचे दात पडणार आहेत ती तुझी पोरगी आहे!"

"आणि ती माझी बहीण आहे. तेवीस वर्षांत मला कुणी हे लिहायला लावलं नाही. तू लावू नकोस."

आहे. 'होती' नाही म्हणाली. मी दार आपटून बाहेर गेले.

म्हणून मग साचा. मावशीचे दात डॉक्टर लिंडनरने केले होते. म्हातारा रिटायर होऊन गावाच्या टोकाला, किनाऱ्याच्या रस्त्यावर राहतो. गावातल्या सगळ्यांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे त्याने टाकून न देता घरामागच्या शेडमध्ये ठेवलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी मी मम्मीची गाडी काढली. डॉक्टर टेओने लोवेनाच्या तोंडाचा साचा मशीनवर छापून पाठवला होता, तो डॅशबोर्डवर. लोवेना घरी कंटाळली म्हणून मागे बसली.

लिंडनरने जाळीचं दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"उशीर केलास," तो लोवेनाला म्हणाला.

"सॉरी, डॉक्टर," लोवेना म्हणाली.

मी तिचा दंड धरला. "तू ओळखतेस यांना?"

"नाही तर."

आणि ती घराच्या कडेने मागे निघाली, कुणी वाट दाखवायच्या आधी. शेडच्या पायरीची एक फळी मोडलेली होती, गवतात दिसत पण नव्हती. मी तिच्यात पाय अडकवून पडता पडता वाचले. लोवेना खाली न बघता ओलांडून गेली होती. आत जुनी दाताची खुर्ची होती, हिरवी, फाटलेली. ती खुर्चीत बसली, हात पोटावर घेतले आणि तोंड उघडलं.

"उठ तिथून," मी ओरडले.

"बसू दे तिला," लिंडनर म्हणाला.

शेडभर फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येकावर नाव आणि साल. काही उघडे. सगळीकडे दात. माझ्या गणिताच्या सरांचे होते, ज्यांच्यापायी मी शाळा सोडली. तेराव्या वर्षी सशासारखे दात होते त्यांचे, बघून बरं वाटलं. आमच्या बेकरीवाल्याचे होते. अख्खं गाव तिथे ओठांशिवाय बसलेलं.

'पेंग्ली, लोवेना' हा खोका दोन हातांनी उचलावा लागला.

"यात किती साचे असतात?" मी विचारलं.

"तीन. आधीचा, मधला, शेवटचा."

चौदा होते. लिंडनरने ते टेबलावर ओळीने मांडले. बुडाशी पेन्सिलने तारखा. पहिल्यात लोवेनासारखंच तोंड, सुळ्याची जागा रिकामी. दुसऱ्यात सुळा अर्धा खाली. तिसरा ऑगस्ट दोन हजार एकचा, सगळे दात सरळ, सुंदर.

"मावशी दोन हजार एकच्या सप्टेंबरात गेली," मी म्हटलं. "हे पुढचे कुणाचे?"

"तिचेच."

"डॉक्टर, ती मेलेली आहे."

"दर सप्टेंबरला यायची. तारा काढल्यावर वर्षातून एकदा दाखवायला यायचं असतं, दात परत सरकतात म्हणून. मी तिला तसं सांगितलं होतं. ती यायची, बसायची, मी साचा घ्यायचो. बोलायची नाही. केसांतून पाणी गळायचं."

"पोलिसांना नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. ते म्हणाले, प्लास्टर काय, कुणाचंही असेल. मग तुझ्या पॉपला सांगितलं. पुढच्या सप्टेंबरला तो येऊन बाहेर पायरीवर बसला दिवसभर. त्याला काही दिसलं नाही. मी ओला साचा त्याच्या हातात दिला. तो साचा धरून बसला, वाळेपर्यंत."

मी म्हटलं असतं, म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. पण साचे समोर होते. चौथ्यात सुळे जरा वर गेलेले. पाचव्यात आणखी वर. सहाव्यात ते नव्हतेच, त्या जागी दुधाचे दात. मग तोंडच लहान होत गेलेलं. मागच्या दाढा गेल्या. समोरचे दात गेले, दुधाचे आले, मग तेही एकेक करून हिरडीत शिरले. बाराव्यात सहा दात. तेराव्यात दोन. चौदावा काडेपेटीएवढा होता. नुसत्या हिरड्या. तारीख सप्टेंबर दोन हजार बारा.

आमची लोवेना त्या ऑक्टोबरमध्ये जन्मली.

"त्यानंतर आली नाही," लिंडनर म्हणाला आणि खुर्चीकडे बघितलं. लोवेना तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होती.

मला नुसतं तिथून निघायचं होतं. "मला तिसरा द्या. शेवटचा सरळ दातांचा. कंपनीला तेवढाच हवाय. दात तर वेगळेच आहेत, हिचे वाकडे, तिचे सरळ."

"कंपनीचा माणूस दात बघणारच नाही." त्याने माझ्या हातातला लोवेनाचा साचा घेतला, दोन्ही उलटे करून शेजारी ठेवले. "दात हलवता येतात. तो हे बघेल. टाळूवरच्या वळ्या. जीभ लावून बघ, समोरच्या दातांच्या मागे लागतील. बोटांच्या ठशांसारख्या असतात. जुळ्यांच्या पण जुळत नाहीत."

डावीकडे तीन वळ्या, त्यातली एक टोकाला फाटलेली. उजवीकडे चार, आणि मधली एक गळाच्या आकड्यासारखी वळलेली. दोन्ही साच्यांत. मी बोट फिरवून बघितलं, नख लावून बघितलं. केसभरसुद्धा फरक नव्हता.

म्हणजे हे पाठवलं की कंपनी म्हणणार, एकच माणूस. मर्यादा संपली. फोन ठेवा.

"तुम्ही लिहून द्या ना, वेगळ्या मुली म्हणून."

"मी बघितलंय ते मी लिहून देईन," म्हातारा म्हणाला. "ते तुला चालणार नाही."

मी तिसरा साचा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि लोवेनाला हाताला धरून ओढतच बाहेर काढलं. गाडीत तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "मला तिथे बरं वाटलं."

"काय बरं वाटण्यासारखं होतं तिथे?"

"ती खुर्ची. माझ्या मापाची होती."

मंगळवारी मी बेकरीतून दुपारी घरी आले. लोवेना शाळेतून आली, ब्रेड भाजून टीव्हीसमोर बसली. मी गॅरेजमधून सँडपेपर घेतला, मागच्या पायरीवर बसले आणि मावशीचा साचा मांडीवर उलटा धरला. दोन दिवस दुसरा काही उपाय सुचतो का बघत होते. नाही सुचला. शुक्रवारच्या आत पाठवायचं होतं, नाहीतर डॉक्टर टेओची ती तारीख हुकली असती.

आकड्यासारख्या वळीपासून सुरुवात केली. प्लास्टर लगेच सुटतं. पांढरी भुकटी माझ्या जीन्सवर, पायरीवर. आमच्याकडे सगळ्यावर पोलाद कारखान्याची लाल धूळ बसते, त्यात ती एकदम उठून दिसत होती. दोन वळ्या गेल्यावर मला जाणवलं की प्लास्टर कोमट आहे. उन्हाने असेल म्हटलं. पण मी सावलीत होते. तिसरी घासताना सँडपेपर ओला झाला. तेवीस वर्षं खोक्यात पडलेलं प्लास्टर ओलं कसं होईल? मी वास घेतला. चिखलाचा होता, ओहोटीच्या चिखलाचा.

मी थांबले नाही. मला राग आला होता. तिच्यावरच. अगं बाई, तुझे झाले ना सरळ? मग आता हिचे होऊ दे की.

एक वळी राहिली होती तेव्हा मम्मीची गाडी आली. तिची पाळी सहाला संपते. चार पण वाजले नव्हते. एप्रन तसाच, केसांवरची जाळी तशीच, ती घराच्या कडेने मागे आली.

"मी बटाटे सोलत होते," ती धापा टाकत म्हणाली. "एकदम वाटलं, कुणीतरी माझं बोट सोडलं."

मग तिने माझ्या मांडीवर बघितलं.

मी उभी राहिले. मारणार असेल तर मारू दे म्हटलं, मी पण ऐकून घेणार नव्हते. पण तिने नुसता हात पुढे केला. मी साचा दिला. तिने टाळूवर अंगठा फिरवला, जिथे सपाट झालं होतं तिथून, जिथे राहिलं होतं तिथपर्यंत.

"हे नाही पाठवलं तर?"

"तर लोवेनाचे दोन दात जातात."

"आणि असं पाठवलं तर?"

मी जीन्सवरची भुकटी झटकली. मावशी कार्डावरून जाणार हे तिला कळलं होतं.

मम्मी पायरीवर बसली. "हसताना तोंडावर हात धरायची ती," ती म्हणाली. "लहानपणापासून. तारा निघाल्या आणि नुसती हसत सुटली. दुकानात हसायची, चर्चमध्ये हसायची. पॉप म्हणायचा, कार्टे, तोंडात माश्या जातील. पंधरा दिवस. पंधराच दिवस मिळाले तिला त्या दातांचे."

तिने माझ्या हातातला सँडपेपर घेतला. मी म्हटलं, "मी करते, तू राहू दे." तिने मान हलवली. मग ती शेवटची वळी तिने स्वतः घासली, हळूहळू, कुणाच्या तरी कपाळावरून हात फिरवावा तशी.

आत नळ सुटला. लोवेना थुंकत होती.

"मम्मी! या ब्रेडमध्ये वाळू आहे!"

आम्ही पळत गेलो. सिंकमध्ये पांढरी भुकटी, थुंकीत कालवलेली. लोवेना जीभ बाहेर काढून टॉवेलने पुसत होती. "बघ ना, संपतच नाही!" मम्मीने तिचं डोकं नळाखाली धरलं, चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली, आणि शेवटी बोट घालून टाळू चाचपला. बराच वेळ चाचपत राहिली.

"काय आहे?" लोवेनाने विचारलं.

"काही नाही गं, बाळा. झालं."

त्या रात्री मम्मी जेवली नाही. पॅसेजमधल्या फोटोसमोर उभी राहून रडली, आवाज करून, कुणी आत्ताच गेल्यावर रडतात तशी. लोवेना मला विचारत होती, कोण गेलं. मी म्हटलं, झोप तू.

कंपनीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. दोन भिन्न व्यक्ती असल्याचं मान्य, जुनी नोंद बंद, नवीन कार्ड सोबत जोडलंय. मम्मीने जुनं कार्ड कात्रीने कापलं नाही, पर्समध्येच ठेवलं.

डॉक्टर टेओने हिरडी उघडायच्या आधी आरसा घालून बघितलं, मग पडद्यावरचं आधीचं चित्र बघितलं, मग परत आत बघितलं.

"हिने काही गरम खाल्लं होतं का? टाळू एकदम गुळगुळीत झालाय. असं मी कधी बघितलं नाही."

"मीट पाय," मी म्हटलं. "आमच्या बेकरीतला, आत खिमा भरलेला. भट्टीतून काढला तसाच तोंडात घातला येडीने."

"मी कधी खाल्ला?" लोवेना म्हणाली.

"तू तोंड उघड."

साखळी लागली. बारीक, सोन्याची, हिरडीतून बाहेर आलेल्या तीनच कड्या दिसत होत्या. मूळ वाचेल, डॉक्टर टेओ म्हणाली, वेळेवर आलात.

घरी जाताना मी मुद्दाम किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी घेतली. लिंडनरच्या घरासमोर हळू केली. म्हातारा अंगणात उभा होता. त्याने आमच्या गाडीकडे बघितलं आणि परत पाइपने झाडांना पाणी घालू लागला.

लोवेना सुन्न ओठावर टिश्यू धरून खिडकीतून बघत होती.

"कुणाचं घर हे?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती.

"एका डॉक्टरचं," मी म्हटलं.

"किती भकास आहे," ती म्हणाली. मग टिश्यू बाजूला करून आरशात साखळी बघत बसली, आणि मी गाडीचा वेग वाढवला.